पाठीवरची पाटी

मागून हॉर्न सुरू झाला तो थांबेचना. तिने वळून पाहिलं नाही. दुधाचा टँकर होता. सकाळी सव्वाआठला पुलाच्या अलीकडे हमखास तोच असायचा.

"मरायचंय का? कडेने चालव की!" चालक खिडकीतून ओरडला आणि इतक्या जवळून पुढे गेला, की तिची बाही फडफडली.

कडेने चालवता येत नव्हतं, हेच तर दुखणं. ती कवळ्या बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होती. रोज सकाळी तीन दवाखान्यांतून लोकांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे गोळा करायचे आणि सायकलच्या कॅरिअरवरच्या डब्यातून आणायचे. रस्त्याच्या कडेला सगळे खड्डे. एका दणक्यात साच्यातला दात उडाला, की कुणीतरी बिचारं आणखी पंधरा दिवस पातळ खाण्यावर. म्हणून ती कड सोडून चालवायची आणि पोटभर शिव्या खायची.

तिने सगळं करून पाहिलं होतं. हसून पाहिलं, रागावून पाहिलं. पुलाची डागडुजी चालू होती, एकच बाजू उघडी होती आणि लाल दिवा चार-चार मिनिटं हटायचा नाही. एकदा तिथे ती टँकरच्या खिडकीखाली गेली होती. साचे, खड्डे, सगळं नीट समजावून सांगितलं. चालक समोर बघत राहिला. तिचं बोलणं संपायच्या आत त्याने काच वर घेतली.

"काय मग्रूर माणूस!" टँकर बाहीला लागून गेला, त्या संध्याकाळी ती बहिणीला म्हणाली.

ताई शाळेत चित्रकला शिकवायची. तिने ऐकून घेतलं आणि रात्री रंगाचा डबा काढला. सकाळी दाराशी एक पिवळं कापड घेऊन उभी. त्यावर काळ्या ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं : 'मला ऐकू येत नाही.'

"अगं, खोटं आहे हे!"

"जीव तर खरा आहे ना? वळ तिकडे." ताईने चार पिना लावून कापड तिच्या पाठीवर बसवलं.

पहिल्याच दिवशी रस्ता बदलला. गाड्या लांबून वळसा घालून जाऊ लागल्या. रोज तोंडसुख घेणाऱ्या एका मोटारसायकलवाल्याने चक्क हात करून तिला पुढे जाऊ दिलं. तिला हायसं वाटलं आणि लाजही वाटली. धडधाकट बाईला जी माणुसकी मिळत नव्हती, ती चार पिनांवर मिळत होती.

टँकरवाला तिसऱ्या दिवशी पुलापाशी शेजारी येऊन थांबला. तिने हँडल घट्ट धरलं. त्याने मान बाहेर काढली, तिच्या पाठीकडे पाहिलं, मग बराच वेळ तिच्या चेहऱ्याकडे. पन्नाशीचा, पिकलेल्या मिशांचा माणूस. त्याने कानाला बोट लावलं. "कधीपासून?"

तिने तीन बोटं दाखवली.

"तीन वर्षं," तो पुटपुटला. मग शब्द सावकाश तोडत म्हणाला, "ओठ वाचता येतात का?"

तिने होकारार्थी मान हलवली. एकदा खोटं बोललं, की मागे फिरणं कठीण.

त्यानंतर लाल दिव्याची चार मिनिटं काकांची झाली. ती मनात त्यांना काकाच म्हणू लागली होती. ते खिडकीतून वाकून बोलायचे, ती खालून मान डोलवायची. गाडीतला रेडिओ त्यांनी विकून टाकला होता. फोन आला तरी ते घेत नसत. "घरी तर बोलणं बंदच झालंय," ते एकदा म्हणाले. "सून आधी काहीबाही सांगायची. आता तीही सांगत नाही. माणसं कंटाळतात हो."

कंटाळणारच, तिच्या मनात आलं. तिरसट माणसाशी कोण बोलणार? पण लगेच तिला स्वतःचाच राग आला. या माणसाने बहिऱ्या बाईजवळ मन मोकळं केलं होतं, आणि ती धडधाकट कानांनी सगळं चोरून ऐकत होती.

रात्री तिने ताईला सांगितलं, "मी खरं सांगून टाकणार."

"शिव्या परत सुरू होतील."

"होऊ देत. त्याच्या शिव्या परवडल्या. त्याचा विश्वास नाही परवडत."

सकाळी ती सायकल स्टँडवर लावून टँकरच्या पायरीपाशी गेली. काकांनी नेहमीसारखं खाली वाकून पाहिलं. आज तिने पहिल्यांदाच त्यांच्यापुढे तोंड उघडलं होतं, काच वर गेल्याच्या त्या दिवसानंतर.

"काका, मला ऐकू येतं." ती म्हणाली. "पहिल्यापासून सगळं ऐकू येतं. ही पाटी खोटी आहे. भीती वाटायची म्हणून लावली. तुम्ही जे बोललात ते मी कुणाला सांगितलं नाही, सांगणारही नाही. पण मला माफ करा."

ती शिवी ऐकायला तयार होऊन उभी राहिली. काका रागावले नाहीत. दचकलेही नाहीत. शांतपणे तिच्या तोंडाकडे पाहत राहिले.

पुढचा दिवा हिरवा झाला. मागून एक हॉर्न वाजला, मग दुसरा, मग अख्ख्या रांगेने कल्ला केला. काकांची नजर हलली नाही.

ते आणखी खाली वाकले आणि म्हणाले, "नाही हो बाई, मला अजून ओठ वाचायला जमत नाहीत. तुमचं बरं आहे, तुम्हाला पाटी तरी लावता येते. मी लावली तर त्याच दिवशी गाडीची चावी काढून घेतील."