वीतभर गादी

एकोणीसशे एकोणऐंशी साली, मार्चमधल्या एका बुधवारी, तपासणीच्या बाईंनी गुडघे टेकून गादीचा कोपरा उलटा केला आणि खालच्या बाजूला त्यांना स्वतःच्याच हातची खूण दिसली. पेन्सिलीने काढलेला चौकोन आणि आत शनिवारची तारीख.

मुलांच्या जिम्नॅस्टिक्सचे हॉल सुरक्षित आहेत की नाहीत हे ठरवणं हे बाईंचं काम. गादीत दाभण खुपसायचं, जाडी मोजायची, खाली खूण करायची. शनिवारी त्यांनी हीच गादी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या हॉलमध्ये मोजली होती. वीतभर जाड, नियमात चोख. आता बाईंच्या पाठोपाठ गादीही फिरतीवर निघाली होती. कचेरी आठ दिवस आधी पोस्टकार्ड टाकायची, त्यामुळे उसनवारीला सवड भरपूर मिळे.

बाई लगेच उठल्या नाहीत. मास्तर शेजारीच उभे होते, मानेवरचा घाम पुसत. त्यांची स्वतःची गादी, दोन बोटं जाडीची, भिंतीशी गुंडाळून ठेवली होती आणि वर चादर टाकली होती. चादरीखाली काय आहे हे आंधळ्यालाही कळलं असतं. पण या हॉलमध्ये पोरं हसत होती. गाद्या नव्याकोऱ्या आणि मुलं भिंतीला चिकटलेली, असे हॉल बाईंनी कितीतरी पाहिले होते. इथं मास्तर प्रत्येक पोराच्या खाली दोन्ही हात धरून उभे राहत, आणि इतक्या वर्षांत कुणाचं नखसुद्धा दुखावलं नव्हतं. नियमावर बोट ठेवलं तर उद्या दाराला कुलूप. बाईंनी अंगठ्याला थुंकी लावली, जुनी खूण पुसली आणि तिथंच बुधवारची तारीख घातली.

फॉर्मवर एक रकाना उरला, एका मुलाच्या प्रात्यक्षिकाचा. मास्तर म्हणाले, आज राहू द्या, पोरं दमलीत. बाकावरची एक आई हसली. तिची पोर आणि दमणार? ती झोपेतसुद्धा लाथा झाडते, म्हणाली. त्या मुलीला सगळे टोळ म्हणत. दहा वर्षांची, अंगात नुसते पायच पाय. दांडीवर झोका घ्यायचा, हात सोडायचे, हवेत एक कोलांटी आणि पायांवर उतरायचं, हे तिचं रोजचं होतं.

टोळ गादीच्या कडेशी थांबली. अंगठ्याने गादी दाबून पाहिली. मग मास्तरांकडे पाहिलं. मास्तर सवयीने दांडीखाली हात पसरून उभे राहिले. नियमाप्रमाणे प्रात्यक्षिक एकटीने करायचं होतं. एका गोष्टीकडे काणाडोळा केला होता म्हणून की काय, दुसरीत बाईंना कसर ठेवावीशी वाटेना. शिवाय, आपल्याला सगळं ठाऊक आहे आणि आपण काही बोलणार नाही, हेही मास्तरांना कळवायचं होतं. म्हणून त्या थट्टेच्या सुरात म्हणाल्या,

"एवढी जाड गादी आहे, मास्तर. भीती कसली?"

मास्तरांचा चेहरा उतरला. ते चार पावलं मागे सरले.

मुलीने झोका घेतला, हात सोडले, कोलांटी घेतली. पाय खाली यायच्या आत ती गादीवर आदळली. फारसा आवाजही झाला नाही. उजवा गुडघा नको त्या बाजूला वळला होता. ती रडली नाही. जवळ धावलेल्या मास्तरांना एवढंच म्हणाली,

"मास्तर, जमीन लवकर आली."

पोर वेदनेने बरळतेय, असं सगळ्यांना वाटलं. खरं काय ते दोघांनाच समजलं. गादी रोजच्यापेक्षा उंच होती आणि दांडी होती तिथंच होती. दोन वर्षं मुलीच्या अंगात मुरलेलं अंतर त्या दिवशी चुकीचं ठरलं होतं.

पुढच्या महिन्यात चौकशी झाली. टेबलामागे तिघे साहेब. त्यांनी बाईंना गादीची जाडी विचारली, बाईंनी सांगितली. दाभणाचं माप, तारीख, खूण, सगळं कागदोपत्री जुळत होतं. मग पडली कशी, असं मधल्या साहेबांनी विचारलं. बाहेरच्या बाकावर मास्तर बसले होते. खरं सांगावं तर त्यांचा हॉल जाणार, आणि खूण पुसल्याबद्दल बाईंची नोकरीही. घरात मिळवत्या त्या एकट्याच होत्या. बाईंनी टेबलाच्या कडेकडे बघत उत्तर दिलं की, मुलांचं लक्ष कधी कधी नसतं. कारकुनाने ते लिहून घेतलं. मास्तरांना आत बोलावण्याची गरजच पडली नाही. टोळच्या आईला कचेरीचं पत्र गेलं. त्यात कारणापुढे दोनच शब्द होते: मुलीचे दुर्लक्ष.

मास्तरांनी उसनी गादी परत केली आणि वर्षाच्या आत आपणहून हॉल बंद केला. पुढे एका शाळेत ते कवायत शिकवत. मुलांना साधी उडीही मारू देत नसत म्हणून पोरं त्यांना भित्रे मास्तर म्हणायची. ते जाऊनही आता बरीच वर्षं झाली. टोळच्या आईने पोरीला शिकवलं, पण जिना चढताना दर पायरीला 'बघून चाल, बघून चाल' हे काही तिने शेवटपर्यंत सोडलं नाही. बाई कचेरीच्या प्रमुख झाल्या. त्यांनी पोस्टकार्डाची पद्धत बंद केली. लोकांनी त्यांना कडक पण सरळ बाई म्हणून नावाजलं.

निवृत्तीनंतर त्या एकदा घराजवळच्या वाचनालयात गेल्या. पुस्तकं देणारी बाई उजवा पाय ताठ ठेवूनच खुर्चीतून उठली. तिने यांना ओळखलं नाही. यांनी मात्र, विचारू नये ते विचारलं.

"लहानपणी पडले होते," ती पुस्तकावर शिक्का मारत म्हणाली. "माझंच लक्ष नव्हतं, आजी. चौकशीतसुद्धा तसंच निघालं."