सिड्सेलच्या केकवरचे झेंडे

लोने सासरच्या घराण्याच्या जुन्या जनगणनेच्या नोंदी कॉम्प्युटरवर चाळत बसली होती. बाहेर तिची सिड्सेल झोक्यावर होती. आज पोरीचा पाचवा वाढदिवस. झोक्याचं कुईकुई सकाळपासून चालूच.

१८३४ : सिड्सेल, वय चार. १८४० : सिड्सेल, वय चार. १८४५ : तेच घर, तीच आई, सिड्सेल, वय चार.

“अहो आई, ही पोरगी वाढतच नव्हती की काय?” लोने हसली.

“येडी कुठली! एक मेली की तिचं नाव पुढचीला. रीतच होती तेव्हा.” सासूबाई केकवर वर्षाला एक असे कागदी झेंडे खोचत होत्या. सिड्सेल हे नावही त्यांनीच हट्टानं ठेवायला लावलेलं.

लोनेनं चर्चमधल्या मृत्यूच्या नोंदी उघडल्या. तिघीही गेल्या होत्या त्या आपापल्या पाचव्या वाढदिवसालाच.

तिनं केककडे बघितलं. झेंडे चारच होते.

“आई, पाचवा राहिला.”

“राहू दे. लागत नाही तो.”

बाहेरचं कुईकुई थांबलं. लोने खिडकीकडे धावली. झोका अजून उंच जाऊन येत होता, पण रिकामा, आणि जराही आवाज न करता.

“आता रडून काय होणार, बाई?” सासूबाईंनी सुरी उचलली आणि केक कापायला घेतला. “पुढचीलाही हेच नाव ठेव.”