वरचा हातभर पट्टा

गल्ली आली, पण वरची बाल्कनी आलीच नाही.

नीवेस खुर्चीत पुढे सरकली. पडद्यावर तीच ओली गल्ली होती, तीच भिंतीला टेकवलेली सायकल, तोच रडवेला नायक. त्याच्या डोक्यावर वाळत घातलेल्या चादरीची फक्त खालची कड दिसत होती. ती एकदा हलली, मग पुन्हा हलली, वरून कोणीतरी ओढल्यासारखी. नायक कोपऱ्यावर वळला आणि सिनेमा पुढे निघून गेला.

शेजारी बसलेल्या इल्देने भोपळ्याच्या बियांची पुडी पुढे केली आणि काय झालं म्हणून विचारलं. नीवेसने काही नाही म्हणून सांगितलं.

हा सिनेमा त्यांच्याच गावात काढलेला, म्हणून दर वर्षी संत मार्टिनच्या सणाला दुपारी चर्चच्या हॉलमध्ये लागायचा. नीवेसने तो साठेक वेळा पाहिला होता, आणि खरं सांगायचं तर एकदाही धड पाहिला नव्हता. ती यायची ती अकरा सेकंदांसाठी. शूटिंगच्या दिवशी सिनेमावाल्यांनी घसा फोडून सांगितलं होतं की बाल्कनीत कोणी यायचं नाही. नऊ वर्षांच्या नीवेसने आपल्या थोरल्या बहिणीला, एकोणीस वर्षांच्या नोर्माला, मागून ढकललं. नोर्मा बाहेर आली, चादर ओढली, खाली बघून हसली, तोंडावर हात ठेवला आणि आत पळाली. पुढचा उन्हाळा तिने पाहिला नाही. थडग्यावर तिचा फोटो आहे, पण तो वयाच्या आठव्या वर्षीचा, फोटोवाल्याला घाबरून ताठ झालेला. हसणारी नोर्मा जगात या एकाच जागी होती. पूर्वी लोक बोट दाखवून म्हणायचे, ती बघा नोर्मा. मग ती माणसं एकेक करून गेली, आणि हॉलमध्ये तिला ओळखणारी आता आपण एकटीच, असं नीवेस धरून चालली होती.

सिनेमा संपला, दिवे लागले. नवी प्रत घेऊन बोलोन्या शहरातून आलेल्या सिनेमाच्या जाणकार जिनेव्राबाई पुढे उभ्या राहिल्या. प्रत्येकाने आयुष्यात एकदा तरी पाहायलाच हवेत अशा सिनेमांची त्यांची एक यादी होती, आणि त्यात हा सातवा होता. ही नवी प्रत धुऊनपुसून काढलेली होती. ओरखडे गेले, खरखर गेली. कोणीतरी विचारलं की पूर्वी वरून काठीला बांधलेला माईक लोंबायचा तो कुठे गेला, पोरं त्याला बघून खिदळायची. बाईही हसल्या. त्यांनी समजावून सांगितलं की कॅमेरा वर-खाली जास्तीचं टिपून ठेवतो आणि ते झाकायला सिनेमा दाखवायच्या मशीनमध्ये पत्र्याची चौकट बसवतात. या हॉलच्या मशीनमधली चौकट चुकीची होती.

"दिग्दर्शकाला जे नको होतं ते सगळं तुम्ही साठ वर्षं बघत आलात," त्या म्हणाल्या.

हॉल हसला आणि सगळ्या माना शेवटच्या रांगेकडे वळल्या. तिथे ओरियानो बसला होता. चौऱ्याऐंशी वर्षांचा, बिनलग्नाचा. जुनं मशीन त्यानेच जन्मभर चालवलं. गेल्या हिवाळ्यात रिळांसकट ते भंगारात गेलं.

"बायको नाही आणलीस ते जाऊ दे, निदान चौकट तरी बरोबर आणायचीस," कोणीतरी टोमणा मारला.

"चुकीची आहे म्हणून कंपनीने तीनदा कळवलं होतं," ओरियानो म्हणाला.

"मग?"

"मग काय. नाही बदलली."

पुन्हा हशा पिकला. नीवेसला हसू आलं नाही. हा माणूस आळशी, असंच ती आजवर समजत होती. चारचौघांत कधी तोंड न उघडणारी नीवेस आता उठून उभी राहिली.

"तिथे वर एक बाल्कनी होती. ती परत दिसेल का?"

"ती चुकून दिसायची, आजी," जिनेव्राबाई प्रेमाने म्हणाल्या. "थांबा, तोच भाग परत दाखवते. आता किती नेटका दिसतो बघा."

दिवे मालवले. गल्ली पुन्हा आली. नीवेसने तिच्याकडे पाहिलंच नाही. जुना पडदा उंच होता आणि नवं चित्र ठेंगणं, त्यामुळे वर हातभर काळा पट्टा उरला होता. नीवेसने मान वर केली आणि त्या पट्ट्यावर नजर लावली. एक, दोन. तिसऱ्याला नोर्मा बाहेर यायची. पाचव्याला हसायची. खाली चादरीची कड हलली. नीवेसला रडू फुटलं, पण मोजणं तिने सोडलं नाही.

"अगं, सिनेमा खाली आहे," इल्दे कुजबुजली.

"असू दे."

सातव्या सेकंदाला तिला काय वाटलं कोण जाणे, तिने मागे वळून पाहिलं. रांगांमागून रांगा, सगळे चेहरे उजेडात, सगळे डोळे गल्लीवर. शेवटच्या रांगेत ओरियानोने हनुवटी उचलली होती. तो त्या काळ्या पट्ट्याकडे बघत होता. त्याचे ओठ हलत होते. आठ. नऊ. दहा.