नुसतं भेटायला

आमदारसाहेबांपुढं कसं वागायचं, ते सुग्रीवनं जीपमध्येच सगळ्यांना पढवून ठेवलं होतं. चपला बाहेर काढायच्या. बसा म्हटल्याशिवाय बसायचं नाही. रडायचं नाही, विरोधकांचं नाव काढायचं नाही, आणि बोलायचं फक्त सुग्रीवनं. शेवटची अट त्याची चुलती बायनाबाई हिच्यासाठी होती, हे सगळ्यांना कळलं. तिलाही कळलं.

खरं तर काम तिचंच होतं. गावातल्या जनावरांच्या दवाखान्याला पावसाळ्यापासून डॉक्टर नव्हता आणि वस्तीवरची मेंढरं तोंडाला फेस येऊन पडत होती. सकाळी ती निघाली तेव्हा तिच्या कळपातली आणखी दोन आडवी झाली होती. नवरा, धुळाजी, त्यांच्याजवळ बसून राहिला होता. आज डॉक्टरचं काही ठरलं नाही तर कळप हातचा जाणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

जाफराबादच्या कार्यालयात आत बोलावणं आलं तेव्हा दुपार टळली होती. साहेबांना फेटा बांधला, शाल घातली, नारळ दिला. मग फोटो. सुग्रीव एकदा उजवीकडं उभा राहिला, एकदा डावीकडं. लग्नात नवरदेवाचा मामासुद्धा इतका मिरवत नाही. साहेबांनी सगळ्यांना चहा सांगितला. माणूस वाईट नव्हता. चहा झाल्यावर त्यांनी स्वतःहून विचारलं, "बोला सुग्रीवराव, काय काम काढलं?"

आता आमच्याकडं असं विचारलं की माणूस लगेच सांगत नाही. जेवायला बसा म्हटलं की पोटात कावळे ओरडत असले तरी आत्ताच जेवून आलो म्हणायचं. दुसऱ्यांदा आग्रह झाला की मग हात धुवायला उठायचं. आणि सुग्रीव तर वस्तीवरचा सगळ्यात रीतीचा माणूस. त्यानं हात जोडले.

"काम काही न्हाई साहेब. नुसतं भेटायला आल्तो."

आणि तो दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत बसला.

साहेबांचा चेहरा उजळला. सकाळपासून कुणी बदली मागत होतं, कुणी रस्ता. त्यांनी पीएला हाक मारून ही माणसं दाखवली, काही न मागता आलेली. सुग्रीवची पाठ थोपटली आणि पुढच्या कार्यक्रमाला उशीर झाला म्हणत फेट्यासकट उठले. सुग्रीव नुसता हसत राहिला. आता काम आहे म्हणायचं तर साहेबांना तोंडावर खोटं पाडल्यासारखं होणार होतं.

बायनाबाई तशीच बाहेर पळाली. साहेबांचा एक पाय गाडीत होता. पीए आडवा आला, त्याला तिनं बाजूला सारलं आणि गाडीचं दार धरलं.

"साहेब," ती म्हणाली, "आमच्यात दोनदा इचारतेत. आजूक एकदा इचारा."