कबऱ्याचं नाक

कबऱ्या तिसऱ्यांदा घरधन्याच्या अंगावर धावून गेला, तेव्हा उदारामनं गावादेखत तोंड उघडलं.

"धन्यालेच कुत्रा ओरखत नाही? मंग हा पुरन नाही. कोनी दुसराच होय."

तुलसानं डोक्यावरची घागर ओट्यावर ठेवली, कबऱ्याच्या गळ्यात दोर अडकवला आणि त्याला खुंट्याला बांधून टाकलं. मग ती चुलत दिराकडे वळली.

"कुत्रा बिमार आहे, भाऊजी."

"बिमार कायले राहीन? घास तं बराबर खाते."



चार वर्षांपूर्वी तुलसाचा नवरा पुरनलाल मजुरांच्या पलटणीबरोबर बसऱ्याच्या लढाईवर गेला. पहिल्या वर्षी दोन पत्रं आली, मग तीही थांबली. यंदा होळीच्या तोंडावर पुरनलाल आला, अशी हाक गोरेगावात उठली आणि सगळं गाव अंगणात जमा झालं. तापानं अंग निम्मं राहिलं होतं, दाढी छातीवर आली होती, आवाज घोगरा झाला होता. पण बैलांची नावं तोंडपाठ होती. धानाच्या कोणत्या बांधीला कुठून पाणी येतं, तेही बरोबर सांगितलं. पुरनलालच्या म्हाताऱ्या आईला, सुखवंताला, डोळ्यांनी नीट दिसत नसे. तिनं दोन्ही हातांनी ते तोंड चाचपलं, हंबरडा फोडला आणि त्या दिवशी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

तेव्हापासून घराची घडी बसू लागली होती. पहाटे उठून बैलांना वैरण पडायची. म्हातारीचे पाय रोज चेपले जायचे. कुणावर आवाज चढत नव्हता. फक्त कबऱ्या बदलला होता. एवढंसं पिल्लू असताना पुरनलालनं त्याला मांडीवर घेऊन दूध पाजलं होतं, आणि आता तोच दात विचकून धावत होता.

"पिसाळला असन, मारून टाका," कुणीतरी म्हणालं.

"मारायचा नाही," तुलसा म्हणाली. मेलेल्या कुत्र्यानं उदारामचं तोंड बंद झालं नसतं. "गोंदियाले नेतो. ढोरायच्या डाक्टरले दाखवतो. तुमी बी चाला, भाऊजी. आपल्या कानानं ऐका."

"अना डाक्टरनं कुत्रा चांगला आहे म्हटलं तं?"

"तं पंच बसवा. पंच म्हनतीन तसं करू."

भल्या सकाळी बंडी निघाली. घरधनी हाकायला बसला, उदाराम त्याच्या पाठीमागे, आणि तोंडाला फडकं बांधलेला कबऱ्या तुलसाच्या पायाशी.

दवाखान्यातले केशोराव डॉक्टर नागपूरकडचे. कुत्रा पाहून ते हसलेच. "इथं बैल येतात, म्हशी येतात. कुत्र्यासाठी एवढी वाट तुडवत आलेल्या तुम्ही पहिल्याच, बाई."

"धन्याच्याच अंगावर धावते, डाक्टरसाहेब. डोरे पाहा, कान पाहा," तुलसा म्हणाली. "काही ना काही सापडनच."

डॉक्टरांनी फडकं सोडून आधी पाणी ठेवलं. कबऱ्या लपालपा प्याला. पिसाळलेला नव्हता. डोळे स्वच्छ होते. मागून टाळी वाजवली तर कान टवकारले.

"धडधाकट आहे," डॉक्टर म्हणाले.

उदारामनं मिशीवरून हात फिरवला. "चाला वयनी. झालं समाधान?"

तुलसा जागची हलली नाही. "नाक रायलं, डाक्टरसाहेब. शिंकत रायते लय दिवसापासून."

डॉक्टरांनी जरा विचार केला. मग त्यांनी तिच्या डोक्यावरून घोंगडी टाकली. "तोंड झाकून घ्या आणि एक शब्द न बोलता त्याच्याकडे चालत या."

तुलसा चार पावलं आली. कबऱ्याचे केस उभे राहिले. तो गुरगुरला आणि थेट तिच्या अंगावर झेपावला. दवाखान्यातल्या शिपायानं दोर खेचून धरला.

"कबऱ्या!" घोंगडीतून आवाज आला, तशी त्याची शेपूट हलू लागली.

"याला वास येत नाही," डॉक्टर म्हणाले. त्यांचं हसणं थांबलं होतं. "तोंड आणि आवाज, एवढ्यावरच माणूस ओळखतो आहे."

कबऱ्याला पाणी न देता उन्हात बांधून ठेवलं. दोन तासांनी त्याच्या नाकासमोर गार पाण्याची परात धरली. बराच वेळ काही झालं नाही. मग उजव्या नाकपुडीतून काळं टोक बाहेर आलं, पाण्याकडे वळवळलं. डॉक्टरांनी चिमट्यानं ते पकडून हळूहळू ओढलं. बोटभर लांबीची जळू परातीत पडली. दुसऱ्या नाकपुडीतून आणखी एक निघाली.

"बोडीचं, तळ्याचं पाणी पिताना आत शिरल्या असतील. महिनाभर तरी आत होत्या." डॉक्टर उदारामला म्हणाले, "धन्याची दाढी वाढली, आवाज बसला. यानं ओळखायचं तरी कशावरून?"

उदाराम त्या परातीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "आता येईन का वास?"

"येईल की. पंधरा दिवस लागतील."

"मंग पंधरा दिवसानं पाहू."

"पाहा," तुलसा म्हणाली. "पंचायले घेऊनच या."

उदारामला बाजारात काम होतं, तो गोंदियातच थांबला. बंडी दोघांना घेऊन परत निघाली. कुडवा गाव मागे पडलं, रस्त्यावर आता कुणीच नव्हतं. तुलसानं भाताची पुरचुंडी सोडली आणि पुढे केली.

"आजपासून याले तुमीच खाऊ घाला. दुसऱ्या कोनाच्या हातचं नोको. तुमचा गमछा याच्या अंथरुनात टाका. पंधरा दिवसात हा तुमच्या पायाशी लोळला पायजे."

त्यानं बैलांचा कासरा सैल सोडला. "येवढं कायले? वास आला का ओरखनच ना. मीच तं वाढवला त्याले."

"ज्यायनं वाढवला त्यायचा वास अलग होता," तुलसा म्हणाली. "तुमचं नाव काय?"