मोरीतली साय

मोरीच्या जाळीवर साय अडकली होती. सुचित्राने ती बोटाने उचलून चोळून पाहिली. म्हशीच्या दुधाची, जाड, स्निग्ध साय. दुधाचा पेला मात्र ओट्यावर स्वच्छ विसळून उपडा घातलेला होता. सुनेने दूध प्यायले असे वाटावे, अशी सगळी व्यवस्था होती.

परवापासून तिला संशय होताच. अपेक्षा पेला घेऊन आत जायची आणि फार लवकर बाहेर यायची. इतके गरम दूध इतक्या झटपट कोणी पीत नाही.

नात वेळेआधी जन्मली होती. परळच्या हॉस्पिटलात काचेच्या पेटीत होती. तिला नळीतून आईचेच दूध द्यायचे, असे डॉक्टरांनी बजावले होते. अपेक्षा लालबागच्या घरी पंपाने दूध काढायची आणि तिचा नवरा विनीत ते बर्फाच्या डब्यातून पोहोचवायचा. सुरुवातीला पान्हाच येईना. मग तिथल्या नर्सने युक्ती सांगितली. बाळाभोवतीचे दुपटे घरी न्या, ते जवळ धरून बसा. विनीत रोज एक दुपटे आणू लागला. अपेक्षा ते खांद्यावर घ्यायची, डोळे मिटून हुंगत बसायची, आणि बाटली हळूहळू भरू लागायची. सुचित्राने त्या नर्सला मनोमन हात जोडले होते.

आणि आता हे. गॅलरीत पलीकडच्या राधाताई एकदा कुजबुजल्या होत्या, "हल्लीच्या पोरी फिगर सांभाळतात हो." सुचित्राला त्याहून भयंकर शंका आली. बाळ जगणार नाही, असे हिने मनाशी ठरवून तर टाकले नाही? आटले तर आटू दे, असे तर हिला वाटत नाही?

संध्याकाळी तिने पेला सुनेच्या हातात दिला आणि समोरच बसली.

"पी. माझ्यासमोर पी."

अपेक्षाने पेला तोंडापर्यंत नेला आणि खाली ठेवला. "नाही जात, आई."

"तू नाही प्यायलीस तर पोरीला दूध येणार कुठून?"

"म्हैस कुठे दूध पिते?"

"उलट उत्तरं नकोत. पोरगी नकोय का तुला?"

बोलून गेल्यावर सुचित्रालाच ते ऐकवेना. अपेक्षाने पेला दूर सरकवला.

"परवा तुमचे गुडघे धरले होते, म्हणून हॉस्पिटलातून येताना मीच दूध आणलं," ती म्हणाली. "इतकी वर्षं त्या तबेल्यातून दूध घेता तुम्ही. कधी आत गेलात?"

"आत कशाला? रघू ताजी धार काढून तबेल्याच्या दारात आणून देतो."

"एकदा जाऊन या."

सुचित्राने त्याचा तिला सुचला तो अर्थ घेतला. पाणी. नाहीतर पावडर, नाहीतर इंजेक्शन. पोरीने ते पाहिले असणार आणि सासूचा विश्वास मोडायला नको म्हणून गप्प राहिली असणार. संशय सुनेवरून उठला आणि थेट रघूवर जाऊन बसला.

शिवडीच्या गोदामांमागे तो एकच तबेला उरला होता. सकाळी किटली घेऊन ती दारात न थांबता सरळ आत शिरली.

"काकी, आत कुठे? साडी खराब होईल," रघू आतून म्हणाला.

"होऊ दे."

तिने नळाखाली पाहिले. बादली नव्हती. पिंपाचे झाकण उचलले, पेंडीच्या पोत्यांमागे डोकावली, कोनाड्यात सुई शोधली. काही सापडले नाही. जमीन धुतलेली होती. टोकाला रघू धार काढत होता. म्हशीच्या पुढ्यात तिचे रेडकू उभे होते आणि ती त्याचे कपाळ चाटत होती. सुचित्राचे मन निवळले. मायलेकरे एकत्र आहेत, दुधाला फेस आहे. मग पोरीने पाहिले तरी काय?

ती जवळ गेली. म्हशीच्या जिभेसरशी रेडकू हलत होते, पण सगळेच्या सगळे, एखाद्या स्टुलासारखे. त्याच्या पोटाला सुतळीची शिवण होती. मागच्या पायाजवळ पेंढ्याची काडी बाहेर आली होती.

"रेडा होता, काकी," धार न थांबवता रघू म्हणाला. "ठेवून करायचं काय त्याला? गेला पंधरवड्यात. पण समोर नसला की ही पान्हा सोडत नाही. आता बघा कशी देते. एक थेंब पाणी नाही, तुमच्या डोळ्यांदेखत."

त्याने किटलीसाठी हात पुढे केला. सुचित्राने ती छातीशी धरली आणि मागे सरली.

वाटेत तिने एक नारळ घेतला. बाळंतपणात आईने आपल्याला नारळाच्या रसात शिजवलेली अळिवाची खीर दिली होती, हे तिला चालता चालता आठवले.

घरी पंपाची घरघर चालू होती. अपेक्षा भिंतीला टेकून बसली होती. डोळे मिटलेले, नाकाशी दुपटे. सुचित्राने कोरडी किटली ओट्यावर उपडी घातली आणि तिच्याजवळ येऊन उभी राहिली. दुपट्याचे एक टोक खाली घसरले होते. तिने ते उचलले, सुनेच्या खांद्यावर नीट ठेवले. हात मात्र तिथेच राहिला.

"त्या म्हशीला कळत असेल का गं?" तिने विचारले.

अपेक्षाने डोळे उघडले. बाटलीत थेंब पडत होते.

"मला कळतं ना, आई, हे नुसतं दुपटं आहे ते," ती म्हणाली. "तरी पान्हा येतोच."