मिरचीतले नाकतोडे
सेजलने पाळलेल्या परदेशी सरड्याजवळ तिची सासू चंद्रावती वर्षभर फिरकली नव्हती. त्या दिवशी सेजल कामाला पणजीला गेली होती आणि पेटीतला सरडा काचेला नाक लावून एकटक बघत होता. चंद्रावतीला त्याची दया आली. शेजारच्या मिरचीच्या शेतातून चार नाकतोडे पकडून तिने चिमट्याने त्याच्यापुढे धरले. त्याने ते मटकावले, तेव्हा ती एकटीच हसली. संध्याकाळी सेजल परतली, तर सरड्याचे पाय थरथरत होते, मान उचलवत नव्हती. दोघी त्याला घेऊन साखळी गावातल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे धावल्या. "काय खाल्लं याने?" त्यांनी विचारलं. "घरी वाढवलेले रातकिडेच देते मी, दुसरं काही नाही," सेजल म्हणाली. चंद्रावतीने पदर मुठीत घट्ट धरला. ती गप्प राहिली असती, तर कोणालाच कळलं नसतं. "मीच घातले गो त्याका, मिरचीतले नाकतोडे," ती म्हणाली. "काल थंय शेतात औषध फवारलेलं, माझ्या ध्यानातच आलं नाय." डॉक्टरीणबाई लगेच उठल्या. "बरं झालं सांगितलंत. आता कशावर उपचार करायचे ते कळलं." चौथ्या दिवशी सरड्याने मान उचलली. चंद्रावती दारातूनच बघत होती. सेजलने रातकिड्यांचा डबा आणून तिच्या हातात दिला. "आई, तुम्हीच भरवा. तुमच्या हातून तो आवडीने खाईल."